जिनिंगमध्ये 6 सीझन झाले, रोज 450 आहे, पण वर्षाला 240 दिवस भरत नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही आणि परमनंटही नाही असं शेठ म्हणतात. खरं आहे का? ओव्हरटाइमचं काय?

खोटं आहे. निदान ग्रॅच्युइटीचं, म्हणजे काम सोडल्यावर मालकानं द्यायच्या पैशांचं, तरी साफ खोटं आहे. इतक्या ठामपणे सांगतो, कारण हाच 240 चा आकडा अकरा सीझन मी स्वतः लोकांना सांगत होतो. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, मी मुनीम होतो. काट्याची पावती, हजेरी, आठवड्याचा चुकारा, सगळं माझ्याकडे.

240 दिवस बारमाही कारखान्याला. जिनिंग हा हंगामी कारखाना. तिथे हिशोब असा, की त्या हंगामात कारखाना जितके दिवस चालला त्याच्या 75 टक्के दिवस तुम्ही कामावर असाल, तर तो सीझन पूर्ण धरायचा. असे पाच झाले की हक्क लागतो. बारमाही कामगाराला वर्षाचे 15 दिवस मिळतात, आपल्याला सीझनचे 7 दिवस. तुम्ही रोज 450 लिहिलाय. म्हणजे 3,150 गुणिले 6, 18,900 रुपये. काम सोडल्यावर शेठनं 30 दिवसांत द्यायचे, उशीर केला तर व्याजासकट. तुम्ही अर्ज केला नाही तरी हिशोब काढून कळवायची जबाबदारी त्याचीच. कारखान्यात दहा माणसं होती एवढं पुरतं, आणि दहाशिवाय जिनिंग चालतच नाही.

आता माझं. माझा मोठा भाऊ त्याच जिनिंगवर मशीनवर होता. नऊ सीझन. 2016 च्या होळीनंतर त्यानं काम सोडलं, दम लागायचा त्याला. रुईच्या धुरळ्यात नऊ सीझन काढल्यावर दुसरं काय होणार? कोणीतरी त्याला ग्रॅच्युइटीचं सांगितलं. गावातल्या एका पुढाऱ्याला घेऊन तो ऑफिसात आला. मी गल्ल्यामागेच बसलो होतो. शेठनं मला पक्कं मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, काढायला लावलं. मी काढलं. दादाचे दिवस निघाले 94. कारखाना चालला होता 148 दिवस, त्याचे 75 टक्के 111. पुढारी म्हणाला, मंग तर जमत नाही बाप्पा. चहा पिऊन निघून गेले. अर्धा तासही लागला नसेल.

खरे दिवस होते 131. ते कच्च्या वहीत होते, आणि कच्ची वहीही माझ्याच अक्षरात होती. दरवर्षी पहिला महिना-सव्वा महिना माणसं कच्च्या वहीत ठेवायची आणि मग पक्क्या मस्टरला चढवायची, अशी शेठची रीत. कारण विचारलं तेव्हा 'पीएफचं लफडं नको' म्हणाले होते. 75 टक्क्यांची भानगड तेव्हा मलाही माहीत नव्हती, देवाशपथ. माहीत असती तर लिहिलं नसतं, असं मात्र म्हणत नाही. मुलीची बारावी होती त्या वर्षी.

त्या रात्री दादा घरी आला. "कच्ची वही आन." मी म्हटलं, सीझन संपला की वही शेठच्या घरी जाते. ते खरं होतं. पण वही जायला अजून चार दिवस होते, हेही खरं होतं. तो म्हणाला, "तूनंच लिवलं ना बे थे?" त्याचा रोज होता 250. सात दिवस, नऊ सीझन, 15,750 रुपये. एवढ्या रकमेवरून आम्ही दोघं भाऊ तीन वर्षं एका पंगतीला बसलो नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की चूक दादाचीही होती. पुढाऱ्याला कशाला न्यायचं? सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात जायचं, ग्रॅच्युइटीचा अर्ज कुठे द्यायचा ते विचारून घ्यायचं, आणि मालकाच्या ताब्यातले कागद मागवा असा अर्ज त्याला जोडायचा. मशीन किती चाललं हे मस्टर लपवेल, वीजबिल लपवत नाही. रुईच्या गठाणींचा (गाठींचा) हिशोब लपवत नाही. मग मलाही शपथेवर उभं केलं असतं. दादा म्हणतो, उभं राहून खरं बोलला असता का तू? त्याला मी आजही सरळ उत्तर देत नाही. पण तंबाखूच्या उधारीची चिठ्ठी जो माणूस खिशात सांभाळतो, त्याला आपल्या हजेरीची वही ठेवता येत नव्हती?

म्हणून तुम्ही वही ठेवा. तारीख, पाळी, आठवड्याला हातात आलेले पैसे. चुकाऱ्याच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. पैसे खात्यात मागा, रोख नको. आणि मुनीम ओळखीचा आहे, नात्यातला आहे, म्हणून गाफील राहू नका.

परमनंटचं खरं सांगू? विसरा. महाराष्ट्रातल्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगार परमनंट कधी धरायचा वगैरे नोकरीच्या नियमांत, हंगामी कारखान्याला 190 दिवसांची अट होती. दसरा ते होळी मशीन चालवून 190 कुठून भरणार? ओव्हरटाइम आठवड्याच्या 48 तासांवर, दुप्पट दरानं. आमच्याकडे दुप्पट मिळालेला माणूस मी पाहिला नाही. बोट-बिट गेलं तर ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड शोधू नका. जुन्या ईएसआय कायद्यात हंगामी कारखान्यांची यादी सुरूच जिनिंग-प्रेसिंगपासून व्हायची, मग भुईमूग फोडणं, नीळ, लाख, गूळ-साखर, चहा. त्यांना तो कायदाच लागू नव्हता. भरपाई मालकाकडून घ्यायची, आणि 'तो ठेकेदाराचा माणूस आहे' म्हणून मालक त्यातून सुटत नाही.

एक राहिलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता आल्या. वर मी सांगितलं ते बरंचसं जुन्या कायद्यांचं. सीझनचे 7 दिवस आणि 75 टक्के नव्यातही तसेच आहेत. स्थायी आदेशांची सक्ती मात्र आता 300 कामगारांपासून पुढे, म्हणजे आपल्याकडची जिनिंग बहुतेक बाहेरच. नेमणूक पत्र सगळ्यांना द्यायचं आहे, ते मागा. मी वकील नाही, मुनीम होतो.

आणि सीझन कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या तारखेला बंद झाला, हे वहीत पहिल्या पानावर लिहा. 75 टक्के त्यावरूनच निघतात. दादाचं आणि माझं यावर अजून भांडण होतं. तो म्हणतो दसऱ्याच्या मुहूर्तापासून धर. मी म्हणतो मुहूर्ताला नारळ फुटला, पट्टा तासभर फिरला, खरं मशीन दिवाळीनंतर लागलं. मुहूर्तापासून धरलं तर कारखान्याचे दिवस वाढतात आणि त्याचीच टक्केवारी खाली येते. हे त्याला दहादा कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणतो, तुह्या कागदावर मायाच भरोसा नाही.