उमेदवाराचं गाणं लिहिताना

प्रिय मित्रा,

तुझं प्रचारगीत वाचलं. सिनेमातला तुझा पुढारी लबाड आहे हे त्यातली प्रत्येक ओळ ओरडून सांगते, आणि तिथेच गाणं फसलंय. पदरचे पैसे घालून गाणं करून घेणारा कार्यकर्ता आपल्याच साहेबांना टोमणे कशाला मारेल? साहेब निवडून यावेत म्हणूनच ते गाणं लिहायला हवं. लबाडी उघडी पाडायला प्रसंग आहे, कॅमेरा आहे.

आपल्याकडच्या घोषणा आठव. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' म्हटलं की 'शिक्का' लोकच पुरा करतात. 'येऊन येऊन येणार कोण?' म्हटलं की नाव गर्दीतून येतं. केलेल्या कामाचा त्यात शब्द नाही, पण ठसका बघ, अक्का, पक्का, शिक्का! तुझ्या धृपदात उमेदवाराचं नाव केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालाच्या, सहाव्या मात्रेवर पडतं. तिथे कोण टाळी देणार? नाव समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आण.

१९३२ साली, ऐन मंदीत, अमेरिकेत शिकागोच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या रूझवेल्टसाठी 'हॅपी डेज आर हिअर अगेन' वाजलं. ते 'चेसिंग रेनबोज' या १९३० च्या संगीतपटातलं गाणं. त्यात ना रूझवेल्टचं नाव, ना मंदीवरचा उपाय. सुखाचे दिवस परत आले, एवढंच. हातातलं काम गेलेल्या माणसाला ते ऐकावंसं वाटलं असेल, यात मला नवल वाटत नाही. तुझ्या गाण्यातही असं एक खरं आमिष हवं. प्रेक्षकाने आधी त्यावर ठेका धरला, तरच पुढे त्याला फसवणूक टोचेल.

तू गुलजारांच्या 'आंधी' सिनेमाचा दाखला देशील. त्यातल्या 'सलाम कीजिए' गाण्यात उघड टोमणे आहेत, कबूल. पण ते गाणारे उमेदवाराची माणसं नाहीत. पाच वर्षांचा हिशेब द्यायला आलेल्यांना ते सलाम ठोकतायत. रफी, भूपिंदर आणि अमित कुमार असे तीन आवाज घेतल्यामुळे ती एकाची तक्रार राहत नाही, जमावाची होते. गुलजारांनी आधी गाणारं तोंड ठरवलं, असं मला ते ऐकताना दरवेळी वाटतं.

तुझ्या टोमण्यांच्या चार ओळी खरोखर धारदार आहेत. त्या फेकू नकोस. प्रचाराची रिक्षा पुढच्या गल्लीत गेली की कोरड्या नळाशी उभ्या बायकांना त्याच चालीत त्या म्हणू दे. प्रचारगीत मात्र नव्याने लिही, आणि पाठवण्याआधी ठेका धरून मोठ्याने म्हणून बघ.

तुझा,
काका