तारा किती सेकंद गायब होता, तेवढं सांगा

प्रश्न: चंद्राआड रोहिणी जाते ते पिधान मी बघितलंय. आता वाचलं की नेपच्यूनच्या पलीकडचे बारके पिंडही पिधानातूनच अभ्यासतात. माझ्याकडे 8 इंची दुर्बीण आहे, तिच्यात असला पिंड दिसणारच नाही, मग मी मोजणार काय?
– एक वाचक, मालवण

उत्तर: पिंड दिसायची गरजच नाही हो, तारा दिसला की झालं. पिंड ताऱ्यासमोरून गेला की तारा काही सेकंद गायब होतो, तेवढंच टिपायचं. तारा इतका लांब असतो की 250 किलोमीटरच्या पिंडाची सावलीही जवळपास तेवढीच रुंद पडते आणि ती सेकंदाला साधारण 20-25 किलोमीटरने जमिनीवरून पळते, म्हणून तारा किती सेकंद नव्हता ते सावलीच्या वेगाने गुणा, झाली त्या पिंडाची एक जीवा, म्हणजे त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची एक रेघ, तयार.

पण एका जीवेवरून आकार कळत नाही आणि इथेच आपला कोकण भारी पडतो. सावली बऱ्याचदा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाते, आपला किनारा उत्तर-दक्षिण, म्हणजे दापोलीत एक, रत्नागिरीत एक, मालवणात तुम्ही असे बसलात तर एकाच पिंडाच्या तीन वेगळ्या जीवा मिळतात! आणि ज्याला काहीच दिसलं नाही त्याचीही नोंद पाठवायचीच, कारण पिंडाची कड कुठे संपली ते तीच सांगते.

2017 च्या जुलैमध्ये अर्जेंटिनात अॅरोकॉथ या नेपच्यूनपलीकडच्या पिंडासाठी असंच केलं, वीसेक दुर्बिणी ओळीने लावल्या, गावातल्या लोकांनी रस्त्यावरचे दिवे बंद केले, वारा अडवायला ट्रक आडवे लावले, आणि तारा झाकलेला दिसला फक्त 5 ठिकाणी. तेवढ्यावरून कळलं की हा जोडगोळीसारखा असावा, आणि 1 जानेवारी 2019 ला नासाचं न्यू होरायझन्स यान त्याच्या जवळून गेलं तेव्हा खरंच दोन गोळे चिकटलेले निघाले. शनी आणि युरेनसच्या मधल्या कॅरिक्लो या छोट्या पिंडाची कडी 2013 ला अशीच सापडली, मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर मंदावला म्हणून. आपल्याकडेही 1977 मध्ये युरेनसची कडी सापडली त्या पिधानाच्या वेळी तमिळनाडूतल्या कावलूरहून निरीक्षण झालं होतं, आणि 6 जून 2020 ला नैनितालजवळच्या देवस्थळहून प्लूटोचं वातावरण मोजलं, त्याचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या 80,000 पट कमी निघाला.

तुम्ही मात्र आधी मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांपासून सुरुवात करा, ती पिधानं वारंवार होतात. ऑकल्ट वॉचर हे सॉफ्टवेअर टाका, तुमच्या जागेवरून कुठली सावली जाते ते कळेल. डोळ्याने बघून स्टॉपवॉच दाबू नका, कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्या आणि वेळ जीपीएसचीच लावा, अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे सरळ 10 किलोमीटरचा घोळ. पावसाळा सोडून द्या, थंडीत गावाबाहेर सड्यावर जा, तिथे अंधार चांगला मिळतो पण दव फार पडतं, तेव्हा नळीच्या तोंडाला फोमची लांब गुंडाळी लावूनच बसा.