भावाचं दुःख आणि पोरीची लस

दापोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडक्यात देते.

"काकू, माझा नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. सध्या मासेमारी बंदीमुळे घरीच आहे. मुलगी वीस महिन्यांची. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या तिच्या लसी वेळेवर झाल्या. शेवटच्या लशीच्या रात्री तिला सणकून ताप भरला. ह्यांनी रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या आणि सकाळी सांगितलं, पुरे, यापुढे सुई नाही. काकू, खरं कारण वेगळंय. माझे मोठे दीर एप्रिल 2021 मध्ये कोविडने दहा दिवस ऑक्सिजनवर होते. त्यातून वाचले. नोव्हेंबरात लशीचा दुसरा डोस घेतला आणि पुढच्या शिमग्यात पालखी नाचवून आले, ते ओटीवरच कोसळले. वय 38. हे म्हणतात, भावाला सुईने नेलं. सासूबाई म्हणतात, गोवर ही देवीची माया, येऊन गेला की पोर निर्मळ होतं. नणंद गोवंडीला राहते, तिच्या शेजारी गोवर आलाय, आणि गणपतीला ती मुलांना घेऊन इकडेच येणार. माझं माहेर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. ह्यांना न सांगता तिकडे नेऊन लस देऊ का?"

बाय, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, झोप त्यानेच उडवली असणार. दाभोळला फेरीबोट धरायची, धोपाव्याला उतरायचं, माहेरच्या उपकेंद्रात सुई टोचून संध्याकाळी परत यायचं, हे सगळं तू मनात दहादा करून आली असशील. तसं करू नकोस. लस मात्र द्यायचीच, आणि गणपतीच्या आधी द्यायची.

चोरून का नको, तर ही गोष्ट लपणारी नाही. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर आठवडा ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठतं. ते आपोआप जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तुझ्या घरात ते पुरळ पहिल्यांदा कोणाला दिसेल? पोरीला रात्र-रात्र खांद्यावर घेणाऱ्या बापाला. तेव्हा तू खोटं बोलशील किंवा खरं सांगशील, आणि दोन्हीतून त्याला एकच कळेल, की सुईने ताप येतो आणि बायको लपवते. मग दुसरा डोस राहिला. एका डोसावर हे काम भागत नाही.

आता तुझ्या नवऱ्याच्या भीतीकडे येते. ती मूर्खपणाची नाही. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी लशीचा विचार मोठ्या माणसांच्या हिशेबाने केला, कारण तो आजार मोठ्या माणसांना मारत होता. लहान मुलांना त्याने बरंचसं सोडलं. बहुतेकांना दोन दिवस ताप-सर्दी झाली. फार थोड्यांना बरं झाल्यावर काही आठवड्यांनी अंगात दाह होणारा गंभीर आजार झाला. म्हणूनच आपल्याकडे कोविडची लस आधी मोठ्यांना मिळाली, मग 3 जानेवारी 2022 पासून 15 वर्षांपुढच्या मुलांना आणि 16 मार्च 2022 पासून 12 वर्षांपुढच्यांना. बाराच्या खालच्या मुलांसाठी सरकारी मोहीम झालीच नाही. त्या वेळी एखादा बाप म्हणाला असता, की माझ्या धडधाकट दोन वर्षांच्या पोरीसाठी मी घाई करत नाही, तर मी त्याच्याशी भांडले नसते.

पण तोच हिशेब गोवराला लावला की सगळं उलटं होतं. गोवर पाच वर्षांखालच्या मुलांनाच सगळ्यात जास्त छळतो. धोका तुझ्या मुलीच्या वयाला आहे, आणि लसही त्याच वयासाठी आहे. कोविडची सुई तिला कुणी टोचणार नाहीये, हे नवऱ्याला स्पष्ट सांग. त्याच्या मनात दोन्ही सुया एकच झाल्यात.

मी गोवर पाहिलाय. 1966 साल, मी आठ वर्षांची, माझी धाकटी बहीण अडीच वर्षांची. अंधाऱ्या खोलीत निजवलेली, उशाशी कडुनिंबाचा डहाळा. डोळे चिपडांनी चिकटायचे, आई ओल्या फडक्याने पुसायची. पुरळ मावळायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. आजीने न्हाऊ घालायचा दिवससुद्धा ठरवला. तो दिवस उजाडायच्या आत तिची छाती भरली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा, तो मला अजून दिसतो. गोवर असाच मारतो, मागाहून. न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज. आणि ज्याला सोडतो, त्याच्या अंगात इतर आजारांशी लढायची जमवलेली बरीचशी ताकदही पुसून जातो. सासूबाई म्हणतात तसं पोर निर्मळ होत नाही, पोकळ होतं. आपल्या सरकारी लसीकरणात गोवराची लस 1985 मध्ये आली. माझ्या बहिणीला ती मिळायची सोयच नव्हती. तुझ्या मुलीला आहे.

गोवंडीचं नाव वाचून माझ्या पोटात गोळा आला. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे गोवराची मोठी साथ आली होती. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या लसींची ती किंमत होती, आणि ती लहान मुलांनी मोजली. आता तुमच्या घरातली आरती डोळ्यांपुढे आण. माजघरात चाळीस माणसं, दारं-खिडक्या पावसामुळे लोटलेल्या. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो. म्हणजे नणंदेचं पोर एसटीतून उतरेल तेव्हा नुसतं सर्दी झाल्यासारखं दिसेल. ते खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. लस नसलेल्यांमध्ये एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना लागण होते. कोणाला दारात अडवून हे थांबणार नाही, आणि गणपतीला कोणाला अडवायचंही नाही. नणंदेला मात्र आजच फोन कर. तिच्या मुलांचे डोस बघायला सांग. राहिले असतील तर तिथेच देऊन मग येऊ दे.

दिरांबद्दल नवऱ्याशी बोलायला तू घाबरतेस, असं मला पत्रावरून वाटलं. तिथूनच सुरुवात कर. "लशीने काही होत नाही" या वाक्याने नको. भाऊजींची आठवण काढ, त्याला बोलू दे. शिमग्याची ती रात्र त्याने आजवर कोणाला पूर्ण सांगितली आहे का? बंदीचे दिवस आहेत, बोट किनाऱ्यावर झाकून ठेवलेली, तो ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेला. हात कामात असले की पुरुष बोलतात.

मी डॉक्टर नाही. भाऊजींना काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि तूही सांगू नकोस. जे माहीत आहे तेवढं सांगते. कोविडच्या लशींपैकी कोविशील्डने फार क्वचित रक्तात गुठळ्या झाल्या, हे खरं आहे, ते कोणी लपवू नये. पण तो त्रास लशीनंतर काही आठवड्यांतच दिसतो. चार महिन्यांनी येणारं मरण त्यात बसत नाही. तरुणांच्या अशा अचानक मृत्यूंचा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभरातल्या 47 रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला. लशीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात राहून आलेल्यांना, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांना, आणि आदल्या एक-दोन दिवसांत अतिश्रम किंवा अतिमद्यपान केलेल्यांना. यातलं भाऊजींना काय लागू होतं, ते मी जुळवत बसणार नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी, समोर बसवून, त्याच्याशी बोलावं. आशाताईला सांगून वेळ ठरव, आणि तुम्ही दोघं जा. एक मात्र त्यातूनच निघतं. घरात असा मृत्यू झालाय, तर तुझ्या नवऱ्याने स्वतःचं हृदय एकदा तपासून घ्यायला हवं. हे त्याला माझं नाव घेऊन सांग.

आणि लसीकरणाच्या दिवशी त्याला बाहेर उभं करू नकोस. तांडेल आहे तो. बर्फ गेला की मासळी गेली, हे त्याला कोणी शिकवायला नको. ही लससुद्धा बर्फाच्या डब्यातूनच येते. नर्सबाईंना म्हणावं, बाटली दाखवा. तिच्यावर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, आणि गोलाएवढा गडद झाला की ती बाटली वापरत नाहीत. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, पाणी घालून विरघळवल्यावर चार तासांच्या आत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून उघडल्याची वेळ बाटलीवर लिहितात. ती त्याला वाचू दे. तो कल्ले उघडून मासा पारखतो ना, तसंच हेही पारखू दे. नर्सबाई रागावणार नाहीत. रागावल्या तरी विचारायचंच. सुई टोचताना पोर त्याच्या मांडीवर असू दे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर देवी टोचल्याचा गोल वण असतो. आंघोळीनंतर वेणी घालून देताना सहज विचार, हे काय आहे. तो रोगही आपण देवीचीच माया मानत होतो, आणि टोचून-टोचून तो जगातूनच घालवला. उशाशी पाला ठेवायचा असेल तर ठेवू देत, त्याने काही बिघडत नाही.

तुझ्या मुलीचा पहिला डोस नवव्या महिन्यात व्हायचा होता. उशीर झाला म्हणून दार बंद झालेलं नाही, पाच वर्षांपर्यंत ही लस देतात. आता पहिला डोस, त्यानंतर किमान चार आठवड्यांनी दुसरा. दोन्ही झाले की शंभरातल्या साधारण 97 मुलांना गोवरापासून संरक्षण मिळतं. त्याच दिवशी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा) बूस्टर, पोलिओचे थेंब आणि 'अ' जीवनसत्त्वही देतील. एकाच दिवशी सगळं चालतं, एक सुई दंडावर, एक मांडीवर. डीपीटीचा ताप त्याच रात्री येऊ शकतो. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते तिथेच वजन करून विचारून घे, म्हणजे मागच्यासारखी अंधारात चाचपडायची रात्र होणार नाही. लशीनंतर अर्धा तास तिथेच बसा. साधी सर्दी असली तरी लस देतात. पूर्वी एखाद्या लशीने जीव घाबरण्याइतकी ॲलर्जी झाली असेल किंवा पोर फार आजारी असेल, तर आधी डॉक्टरांना सांग.

जुलैमधला तुमच्या उपकेंद्राचा वार धर, ऑगस्टवर ढकलू नकोस. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. आणि एवढं करूनही तो नाहीच म्हणाला, तर? तर आदल्या रात्री त्याला सांग, "उद्या मी तिला घेऊन जातेय, तुम्ही आलात तर मला बरं वाटेल." आणि जा. आई एकटी घेऊन आली तरी लस देतात. तो चिडेल, दोन दिवस अबोला धरेल. पण तू खोटं बोललेली नसशील, आणि त्याच्या दुःखाची पाळी येईपर्यंत पोरीने उघड्यावर थांबावं, हे मला मान्य नाही.

पाऊस आहे, तिचं लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने. 1 ऑगस्टला बोटी सुटतील, दुसऱ्या डोसाच्या वेळी तो समुद्रावर असेल. नर्सबाई कार्डावर पुढची तारीख घालून देतील. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घे.