आई-वडिलांसोबत लिस्बनचे दोन दिवस, त्यातला एक बसच्या टूरला द्यावा का?

द्या, जरूर द्या. तुम्ही लिहिलंय की सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन मडगावहून निघालाय, लिस्बनमध्ये दोनच दिवस आहेत, आणि त्यातला एक गाइडवाल्या बसला द्यावा की नाही ते ठरत नाहीये. आईचे गुडघे दुखतात म्हणालात, तिथेच निम्मं उत्तर आलं. लिस्बन म्हणजे चढउतार आणि पायाखाली गुळगुळीत झालेले फरसबंदीचे दगड, पाऊस पडला की निसरडे. मात्र बेलें (लिस्बनचाच नदीकाठचा भाग) आणि शहराबाहेरचं सिंत्रा, काबो दा रोका, काश्काइस असं सगळं एका दिवसात कोंबलेली टूर घेऊ नका. आमची तशी होती. बेलेंचं उभ्या उभ्या दर्शन झालं, आणि गोव्याच्या माणसाने लिस्बनमध्ये निवांत बघावं असं काही असेल तर ते बेलेंच.

बऱ्याच बसगाड्या मार्केस द पोंबालच्या चौकातून सुटतात. १७५५ च्या भूकंपानंतर ज्याने शहर पुन्हा उभं केलं तो हा पोंबाल, उंच खांबावर सिंहाला घेऊन उभा आहे. साडेआठ म्हणजे साडेआठ. 'पोचतोच पाच मिनिटांत' असल्या फोनला तिथे किंमत नाही. आमची गाइड प्रत्येक गोष्ट आधी पोर्तुगीजमध्ये, मग स्पॅनिशमध्ये आणि शेवटी इंग्रजीत सांगायची. इंग्रजीची पाळी येईपर्यंत ती इमारत मागे पडलेली असायची. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, पण एकाच भाषेतली टूर बघा.

बेलेंमध्ये वेळ कुठे घालवायचा, तर जेरोनिमोस मठात. त्याचं बांधकाम राजा मानुएलने १५०१ मध्ये सुरू केलं. नऊ वर्षांनी पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतलं तेव्हा इथे पाथरवटांची छिन्नी चालूच होती. चर्चमध्ये शिरलं की दारापाशीच, वरच्या गॅलरीखाली, दोन दगडी शवपेट्या आहेत: एक वास्को द गामाची, दुसरी कवी लुईश द कामोंइशची. आपल्याला वास्को म्हणजे गोव्यातलं गाव, सरकारी कदंबा बसवरची पाटी. हा माणूस १५२४ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याच वर्षी कोचीनला वारला. तिथेच पुरला होता; १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले आणि या मठात तर ते १८८० मध्ये आणले. पेटीवर त्याचा पुतळा आडवा निजलेला आहे, छातीवर हात जोडून. माझे बाबा गोवा मुक्तीच्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे तिथल्या पाट्या तेच आम्हाला वाचून दाखवत होते. पुतळ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "आता जोडलेत होय हात!"

कामोंइश काही वर्षं गोव्यात राहिलेला. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी निळ्या टाइल्स आहेत ना, त्यांवर त्याच्याच महाकाव्यातले प्रसंग आहेत. निघण्याआधी आई-वडिलांना त्या एकदा दाखवून आणा. तिकडे गेल्यावर ओळख पटते, आणि गाइड काय बोलतेय तेही कळतं.

आम्ही गोव्याचे आहोत हे गाइडला समजलं तेव्हा तिने ते माइकवरून जाहीर केलं आणि अख्खी बस मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. एरवी मंगेशीच्या पार्किंगमध्ये बाहेरगावच्या बसमधून उतरणारी, 'अर्ध्या तासात परत या हं' असं ऐकून धावत सुटणारी माणसं आपण बघतो; इथे तीच आमची गत झालेली. नदीकाठचं दर्यावर्दींचं मोठं स्मारक १९६० चं, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीचं. गाइड यावर काही बोलली नाही, हिशेब आमचा आम्हीच केला. बेलेंचा बुरूज बाहेरून पाहिला तरी पुरे. हे सगळं तुमच्या मोकळ्या दिवशी १५ नंबरच्या ट्रामने जाऊन करा. तिथलं ते प्रसिद्ध कस्टर्डच्या पेस्ट्रीचं दुकान १८३७ पासून आहे. रांग लांब दिसते, पण ती बांधून घेणाऱ्यांची. आत बसून खायला टेबलं भरपूर आहेत. अंडं चालत असेल तर वरून दालचिनीची पूड भुरभुरवून गरम गरम खा.

आता बसचा दिवस. जाहिरातीत 'सिंत्रा' असतं, पण त्यात पेनाचा राजवाडा धरलाय का ते नीट वाचा. कित्येक टूरमध्ये गावच्या चौकात सोडतात आणि बाकी तुमचं तुम्ही. पेना डोंगरमाथ्यावर, आत जायची वेळ तिकिटावर ठरलेली, आणि फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ. छोटी गाडी मिळते, तिचे पैसे वेगळे. आईला नको वाटलं तर चौकातच जुना राजवाडा आहे, स्वयंपाकघराची दोन पांढरी शंकूसारखी धुराडी दुरूनच दिसतात. मला विचाराल तर पेनाच्या लाल-पिवळ्या रंगांपेक्षा तोच बरा.

जेवताना एक सांभाळा. काल्दो वेर्द हे हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात चोरीसचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, काप असतात. सोमवार पाळणारं कोणी असेल तर आधी विचारा.

काबो दा रोका हे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. दीपगृह, कामोंइशची ओळ कोरलेला दगडी खांब, खाली अटलांटिक, आणि उन्हाळ्यातसुद्धा माणूस हलेल असा वारा. बाबांची टोपी गाइडने धावत जाऊन पकडली. विंडचीटर आणि कानाला रुमाल हवाच. इथे वीस मिनिटं पुरतात. काश्काइस आम्ही जवळजवळ बसमधूनच पाहिलं. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला त्याचं फार काही वाटत नाही. लिस्बनकडे परतताना समुद्र उजव्या हाताला असतो, तेवढी जागा धरा.

आणि ड्रायव्हरला 'जरा दहा मिनिटं थांबा हो' म्हणून काही होत नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्र ठेवतं. बसमध्ये शौचालय असलं तरी बऱ्याचदा कुलूपबंद, म्हणून प्रत्येक थांब्यावर आई-वडिलांना जाऊन यायला सांगा. सुटी नाणी जवळ ठेवा.

दोन दिवसांपैकी एक सोमवार येत असेल तर तो बसला द्या. जेरोनिमोस सोमवारी बंद असतं.