रेंच 10 वरच होता, तरी आटे गेले!

प्रश्न : वडिलांची जुनी 100 सीसी बाइक घरीच उघडलीये, रिंगा बदलून इंजिन परत जोडत होतो. मॅन्युअलमध्ये क्लच कव्हरच्या 6 एमएम बोल्टला आवळायचा जोर (टॉर्क) 10 न्यूटन मीटर दिलाय म्हणून मुद्दाम अर्धा इंची टॉर्क रेंच आणला, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की टक् वाजणारा पाना, त्यावर 10 ते 150 आकडे आहेत, तो 10 वर लावला. पण टक् आवाज यायच्या आधीच दोन बोल्ट नुसतेच फिरायला लागले. ऑइल लावलं होतं कारण मिस्त्री लाव म्हणाले, व्हिडिओवाले म्हणतात कोरडे ठेवा. चुकलं कुठं?

उत्तर : अहो, रेंचच्या दांड्यावर परत एकदा बघा, 10 ते 150 म्हणजे ते बहुतेक फूट-पाउंड असणार, ते जोराचं वेगळं माप. 10 फूट-पाउंड म्हणजे साडेतेरा न्यूटन मीटर. त्यात एवढा मोठा रेंच अगदी खालच्या आकड्यावर भरवशाचा नसतो, टक् कधी कळत पण नाही. 6 एमएमला पाव इंची, 5 ते 25 न्यूटन मीटरवाला घ्या.

आता ऑइल. आपण लावतो तो सगळा जोर बोल्टला मिळतच नाही, ढोबळ हिशेबात निम्मा डोक्याखाली घासण्यात जातो, 40 टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम 10 टक्के. तो थोडासा ताणला जातो, स्प्रिंगसारखा, म्हणून तर कव्हर दाबून धरलं जातं. ऑइल लावलं की घासणं कमी आणि वाचलेला जोर सगळा ताणात, म्हणजे आकडा तोच पण ताण भलताच, आणि ॲल्युमिनियमचे आटे बिचारे सोडून देतात. मॅन्युअल जिथं ऑइल लावा म्हणतं तिथंच लावायचं, बाकी सगळं स्वच्छ आणि कोरडं. मिस्त्रींचा हात बसलेला असतो, ते आकडा बघत नाहीत, त्यामुळे त्यांचं चालून जातं.

अजून एक शंका आहे. या कव्हरचे बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात, आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर तीन-चार आट्यांवरच सगळा भार येतो. पुढच्या वेळी मिठाईच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. बसवताना सगळे आधी नुसते भोकात सोडून बघा, बाहेर सारखेच उभे राहिले पाहिजेत, एखादा उंच दिसला तर अदलाबदल झालीच समजा. मग हातानं फिरवून टेकवायचे आणि समोरासमोरचे असे दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

गेलेल्या दोन भोकांना हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं स्टीलच्या तारेचं वेटोळं, बसवून घ्या, स्टीलचे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा दणकट होतात. ड्रिल सरळ धरता येत नसेल तर लेथवाल्याकडे न्या. बाकीचे बोल्ट रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं साफ करा, आणि बंद भोकांत तेल किंवा रॉकेल साचलेलं असेल तर काडीला कापूस गुंडाळून टिपून घ्या, नाहीतर बोल्ट खाली गेला की तेलाला जायला जागा नाही आणि केसिंगला चीर जाते.