असुरक्षित संबंधानंतर चार दिवसांनी केलेली लैंगिक आजारांची तपासणी निगेटिव्ह आली, आता निर्धास्त राहू का?

नाही, चार दिवस फारच कमी आहेत. क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) या संबंधांतून पसरणाऱ्या जंतुसंसर्गांसाठी लघवीची किंवा स्वॅबची चाचणी दोन आठवड्यांनी करा. एचआयव्हीसाठी शिरेतल्या रक्ताची प्रयोगशाळेतली चाचणी 45 दिवसांनी आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, 3 महिन्यांनी पुन्हा. लक्षणांवर विसंबू नका; क्लॅमिडियात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गरमीचा व्रण तर सहसा दुखतही नाही आणि 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरून येतो. लोक इथेच फसतात, कारण जंतू शरीरात तसेच राहतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कृपा करून घेऊ नका, अर्धवट औषधाने आजार दबतो आणि निदान चुकतं. काही निघालंच, तर जोडीदारानेही उपचार घ्यायला हवेत, नाहीतर तोच संसर्ग परत तुमच्याकडे येतो.