‘द लाइफ ॲक्वॅटिक विथ स्टीव्ह झिसू’ या चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते का आहेत? तो पाहावा का?

पाहावा. वेस अँडरसन यांचा २००४ सालचा हा समुद्रावरचा विनोदी चित्रपट काहींना डोक्यावर घ्यावासा वाटतो आणि काही जण अर्ध्यातून उठून जातात, याचे कारण आपण विचारले आहे. मी कोणी समीक्षक नाही. परंतु तेवीस वर्षे मर्चंट नेव्हीत इंजिनाच्या बाजूला काढली असल्यामुळे आणि या एका चित्रपटावरून घरात आठ वर्षे वाद चालू असल्यामुळे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

‘यात कथाच नाही’ हा आक्षेप प्रथम बाजूला ठेवू, कारण तो सरळ खोटा आहे. समुद्रावर माहितीपट काढणाऱ्या, उताराला लागलेल्या स्टीव्ह झिसूच्या जुन्या साथीदाराला जॅग्वार शार्क खातो आणि त्या शार्कचा सूड घेण्यासाठी झिसू मोहीम काढतो. त्याच वेळी केंटकीहून एक तरुण वैमानिक येऊन ‘मी बहुधा तुमचा मुलगा असेन’ असे सांगतो. शिवाय एक गरोदर पत्रकार आहे, दुरावलेली बायको आहे, अधिक श्रीमंत प्रतिस्पर्धी आहे, पैशावर लक्ष ठेवण्यासाठी बोटीवर बसवलेला माणूस आहे आणि चाचेही आहेत. एवढ्या कथानकावर आपल्याकडे दैनंदिन मालिका तीन वर्षे चालेल. लोकांची खरी अडचण अशी की यात कोणी आवाज चढवत नाही, विनोद झाल्यावर कोणी हसत नाही आणि बिल मरे यांचा चेहरा दुःखातही तसाच राहतो व आनंदातही. कुठे हसायचे हे सांगायला कोणी नसल्याने प्रेक्षक चिडतो.

मी हा चित्रपट प्रथम २०१० साली पाहिला. तेव्हा मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनिअर होतो आणि ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदराबाहेर कोळसा भरण्याच्या रांगेत आम्ही एकोणीस दिवस नांगर टाकून पडलो होतो. अशा वेळी माणूस काहीही पाहतो. थर्ड मेटच्या, म्हणजे डेकवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, हार्ड डिस्कवर हा सापडला आणि रात्रीच्या जेवणानंतर स्मोक रूममध्ये आम्ही अकरा जण बसलो. अधिकारी बहुतेक भारतीय, बाकी फिलिपिनो. त्याच्या सुमारे दहा आठवडे आधी आम्ही सोमाली चाच्यांच्या धास्तीत एडनच्या आखातातून गेलो होतो. रेलिंगभर काटेरी तारा, दोन्ही बाजूंना बांधून ठेवलेले फायर होज, आणि पहारा आहे असे दुरून वाटावे म्हणून जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या जागेच्या, दोन्ही पंखांवर उभे केलेले बुजगावणे. त्यांपैकी एक मीच भरले होते. त्याच्या डोक्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, डोक्याच्या जागी फुटबॉल घातला आणि त्यावर मार्करने डोळे काढले.

चित्रपटात चाचे बोटीवर चढतात आणि झिसू अंगातल्या बाथरोबसकट पिस्तूल झाडत त्यांना एकट्याने पळवून लावतो. २००४ साली हे लिहिणाऱ्यांना ते निव्वळ गंमत म्हणून सुचले असणार. सोमालियाच्या किनाऱ्यावरचा प्रकार हाताबाहेर गेला तो त्यानंतर चार वर्षांनी. त्या दृश्याच्या मध्येच आमचे बडे साब, म्हणजे चीफ इंजिनिअर, काही न बोलता उठले, चहाचा कप सिंकमध्ये ठेवला आणि केबिनमध्ये निघून गेले. चीफ कुक मात्र शेवटपर्यंत बसला आणि नंतर म्हणाला की चाचे तेवढे फिलिपिनो दाखवले, मग त्या बोटीवर भात शिजवायलासुद्धा आमचा एक माणूस का नाही? हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो, कारण जगातली निम्मीअधिक जहाजे मी पाहिली ती फिलिपिनो हातांवर चालताना. उलट आमचा डेक कॅडेट सर्वांत जास्त हसला, विशेषतः बिनपगारी प्रशिक्षणार्थ्यांना सर्वांत मिळून एकच पिस्तूल दिले जाते तेव्हा. एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, एकाच रात्री तीन निकाल लागले, आणि तिघांपैकी कोणालाही चित्रपट कळला नाही असे मी म्हणणार नाही.

माझा स्वतःचा निकाल दोन गोष्टींनी ठरला. पहिली म्हणजे बोटीचा उभा छेद. रोममधील चिनेचित्ता स्टुडिओत ‘बेलाफोन्ते’ या बोटीची एक बाजू काढून टाकल्यासारखा प्रचंड सेट उभारला होता आणि त्यात कॅमेरा एका खोलीतून दुसरीत सरकत सौनापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्व दाखवतो. प्रत्येक जहाजाच्या गल्लीत काचेच्या चौकटीत जनरल अरेंजमेंटचा, म्हणजे जहाजाच्या आतल्या मांडणीचा, नकाशा टांगलेला असतो. जहाजावर नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी त्याच्यापुढे उभा राहून आपली केबिन आणि लाइफबोट शोधतो. त्या नकाशात माणसे चालू लागली तर जे दिसेल, ते मला इथे दिसले. दुसरी गोष्ट क्लाउसची. विलेम डफो यांनी केलेला हा जर्मन खलाशी झिसूला बापाच्या जागी मानतो, आणि मोहिमेत आपल्याला ‘ब’ तुकडीत टाकले म्हणून त्याचे तोंड लहान मुलासारखे उतरते. हे अतिरंजित वाटत असेल तर आपण बोटीवर राहिलेले नाही. पंपाच्या एका कामाला मी नेहमीच्या फिटरऐवजी दुसऱ्याला नेले म्हणून पहिल्याने तीन आठवडे मला ‘गुड मॉर्निंग’ म्हटले नव्हते, आणि तो माणूस पन्नाशीचा होता.

आता वादाकडे येतो. माझे मेहुणे पुण्यात प्राध्यापक आहेत, फिल्म क्लब चालवतात आणि याच दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटांवर तासभर बोलू शकतात. त्यांचे मत असे की या चित्रपटात फक्त सजावट आहे. लाल टोप्या, फिकट निळे गणवेश, खोटे मासे. दिवाळीच्या फराळाला मी वरील सर्व सांगितले तेव्हा ते चकली मोडत म्हणाले, ‘‘भावोजी, तुम्हाला पडद्यावर बोट दिसली की पुरे.’’ सगळे हसले आणि विषय संपला. माझ्यासाठी तो संपला नाही.

मासे खोटे आहेत, हे खरे. हेन्री सेलिक यांनी ते स्टॉप-मोशन पद्धतीने, म्हणजे बाहुल्या थोड्याथोड्या हलवून एकेक चित्र टिपत, केले आणि ते खोटे दिसावेत अशीच योजना होती, कारण झिसूचे माहितीपटही बनवाबनवीचेच आहेत. सजावटीच्या मागे कोण आहे, हे मेहुण्यांनी पाहिले नाही. चित्रपट समुद्रावर माहितीपट काढणारे फ्रेंच संशोधक झाक-ईव्ह कूस्तो यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. लाल टोप्या त्यांच्या, सुरुंग काढणाऱ्या जुन्या युद्धनौकेतून संशोधनाची बोट करण्याची कल्पना त्यांची, आणि त्यांच्या ‘कॅलिप्सो’ या बोटीवरूनच कॅलिप्सो हे कॅरिबियन संगीत गाणाऱ्या हॅरी बेलाफोन्ते यांचे नाव या बोटीला मिळाले. कूस्तो यांचा मुलगा फिलिप वडिलांबरोबर काम करत असताना १९७९ साली लिस्बनजवळ विमान अपघातात गेला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चित्रपटाचा उत्तरार्ध विनोदी वाटत नाही. नऊ-नऊ महिने घराबाहेर राहून परत आल्यावर स्वतःच्या मुलाशी काय बोलावे हे न सुचणारा बाप पडद्यावर पाहायला माझ्यासारख्याला बोटीची गरज नव्हती, हे मला त्या दिवशी सांगता आले नाही, म्हणून इथे सांगतो.

काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पत्रकाराच्या प्रेमाचा त्रिकोण मध्यंतरी चित्रपटाला पाणी लागल्यासारखा जड करतो. सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात मिळून साडेतीन कोटींच्या आसपासच कमावले, म्हणजे न आवडणारे संख्येने थोडे नव्हते, आणि रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या समीक्षकानेही त्याला चारपैकी अडीच तारेच दिले. तो मुलांसोबत पाहण्याजोगा नाही. शिव्या आहेत, नग्नता आहे. आणि हेही कबूल करतो की चाच्यांवर एवढे बोलणाऱ्या आम्ही पाहिलेली ती प्रत चोरीची होती.

पाहणार असाल तर रात्री, एकट्याने पाहा आणि गाण्यांच्या वेळी पुढे ढकलू नका. बोटीवरचा ब्राझिलियन खलाशी झालेले सेऊ जॉर्जी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांची गाणी गिटारवर पोर्तुगीजमध्ये गातात. शब्द बरेचसे जॉर्जी यांचे स्वतःचे आहेत, आणि खुद्द बोवी यांनी त्या गाण्यांची मनापासून वाखाणणी केली होती. लॉकडाउनमध्ये मेहुण्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला असे पत्नीकडून कळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा दोन शब्दांचा संदेश आला, ‘गाणी चांगली.’ त्यावर मी अद्याप काही उत्तर दिलेले नाही.